सागावरचे नंबर

माझ्या बाबांना कुठलीही जागा विचारा, ते खांबाचा नंबर सांगतात. लहानपणी आई विचारायची, एवढ्या चिंचा कुठून आणल्या? बाबा म्हणायचे, "बावीस नंबरच्या समोरून." आई वैतागायची. तिला झाड हवं असायचं आणि हे खांब द्यायचे. मोरेश्वर गावंडे, रेल्वेत चाबीवाला, मुक्काम तिगाव. एकतीस वर्षं रोज सकाळी हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून तेच सहा किलोमीटर रूळ पायी तपासायचे, रूळ धरून ठेवणारी चाबी सैल झाली तर ठोकून बसवायची, सुटलेला नट आवळायचा, हे त्यांचं काम. डोक्यावर विजेच्या तारा, तारांना खांब आणि खांबांवर ओळीनं नंबर. रुळापासून दोनशे पावलं आत काय आहे, हे मात्र या माणसानं एकतीस वर्षांत कधी जाऊन पाहिलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, "तिकडं माही ड्युटी नाई."

ते रिटायर झाले तेव्हा माझ्या भावानं, पंकजनं, नागपूरहून त्यांना सायकल आणली. जाड टायरची, एकवीस गिअरची, डोंगरात चालवतात तसली. गावानं आधी पोट धरून हसून घेतलं. बाबांनी तीन वर्षं त्या एकवीस गिअरांपैकी दोनच वापरले आणि सायकलही रुळाच्या कडेच्या रस्त्यानंच फिरवली. मी म्हणायची, आता तरी दुसरीकडे जा हो. ते नुसते मान हलवायचे.

मग यंदा भाद्रपदात पांढुर्ण्यात तो प्रकार झाला. पासबुक भरायला गेले होते. बँकेपासून बसस्टँडपर्यंतचा रस्ता त्यांच्या पायाखालचा. तीन तासांनी एका संत्र्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "भाऊ माह्या दुकानात बसले हायेत. आपलं घर कोण्या बाजूले, म्हणून विचारून राहिले." त्यानंतर मी त्यांच्यावर डोळा ठेवायला लागले. चहात दोनदा साखर पडली, नळ चालू राहिला, शेजारच्यांचं नाव चटकन आठवलं नाही, सगळं मी मनात टिपून ठेवायची. माझं सासर सौंसरला, तिथंच मी शाळेत शिकवते, आणि चुका टिपायची सवय काही शाळेत ठेवून येता येत नाही.

दिवाळीला माहेरी आले ती ठरवूनच आले. भाऊबीजेच्या ताटावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सोमवारी नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर सायकलला हात लावायचा नाही." पंकजनं खाली पाहिलं. आईनं, म्हणजे शोभानं (रागावले की मी तिला नावानं हाक मारते आणि तीही ओ देते), बाबांना आणखी एक करंजी वाढली. बाबांनी ती मोडून खाल्ली. मला वाटलं, ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पंकज नागपूरला निघून गेला. साडेसातला अंगणात सायकल नव्हती. मी फोन लावला तर तो टीव्हीच्या मागे वाजला.

पुढचं बरंचसं बाबांनी नंतर सांगितलं. चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा थोडं निराळं सांगितलं, म्हणून त्यातलं मिठमसाला लावलेलं मी काढून टाकलं आहे.

ते रेल्वे फाटक ओलांडून उत्तरेला गेले. डांबरी रस्ता संपला, कापसाची शेतं संपली, मग बैलगाडीच्या चाकोऱ्या, आणि मग टेकडीच्या अंगानं वर चढणारी पायवाट. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या जंगलात शिरत होते. ऑक्टोबरच्या अखेरीला आमच्याकडचं जंगल धड हिरवंही नसतं आणि धड वाळलेलंही नसतं. सागाच्या पानांची किड्यांनी जाळी केलेली, गवत छातीपर्यंत आणि त्याची कुसळं पायमोज्यांत घुसणारी. वाटेवर आडवी कोळ्यांची जाळी तोंडाला चिकटायची. म्हणजे आज इथून कोणी गेलं नाही, हे बाबांच्या लक्षात आलं. सीताफळं झाडावरच उकलली होती. चढावर त्यांनी पहिल्यांदाच सगळ्यात हलका गिअर टाकला आणि सायकल खरंच चढली. "धनू, तो गिअर आहे ना, त्यानं पोटरीतला दम अर्धाच लागते," हे त्यांनी मला असं सांगितलं की जणू गिअरचा शोध त्यांनीच लावला.

तासभर सगळं छान होतं. मग एक कोरडा नाला लागला. वाळूत सायकल ढकलत पलीकडे गेले आणि समोर तीन वाटा. त्यांनी मधली धरली. ती एका झुडपात जाऊन संपली. मागे वळले, पण नाला काही येईना. एक वाट फुटलेली दिसली. ही मघाशी होती का? आठवेना.

इथं ते घाबरले. वाटेवर अस्वलाची विष्ठा पडली होती, तिच्यात सीताफळाच्या बिया चमकत होत्या, पण अस्वलाची भीती त्यांना दुय्यम वाटली. ही वाट मला आठवत नाही ती का आठवत नाही? जंगल सगळं सारखं दिसतं म्हणून, की पांढुर्ण्यात झालं तसंच पुन्हा होऊन राहिलं म्हणून? त्यांनी सायकल आडवी टाकली आणि स्वतःची परीक्षा घेतली. माझ्या आईचं नाव, पंकजच्या लग्नाचं साल, सहा किलोमीटरातल्या सगळ्या पुलांचे नंबर. सगळं आलं. तरी समोरची वाट येईना.

तेवढ्यात त्यांना सागावर नंबर दिसला. छातीच्या उंचीवर साल तासून केलेला चौकोन, त्यावर काळ्या रंगात २१४. दहा पावलांवर २१३. त्याच्या पलीकडे २१२. बाबा सांगतात, त्या वेळी त्यांना अक्षरशः हायसं वाटलं. नंबर आहेत, ओळीनं आहेत, उतरते आहेत. एक नंबर रस्त्यावर असणार, दुसरीकडे कुठं असणार? एकतीस वर्षं त्यांनी नंबराच्या मागं चालूनच घर गाठलं होतं.

सायकल कधी ढकलत, कधी खांद्यावर घेऊन ते नंबरांच्या मागे निघाले. एकशे नव्वद, एकशे ऐंशी. गवतानं हात कापले. दीडशेच्या आसपास नंबर टेकडी चढून गेले, बाबाही चढले. एकशे बारानंतर नंबर एकदम घसरणीवर उतरले. बाटलीतलं पाणी संपलं. ऐंशी. साठ. ऊन डोक्यावर येऊन पुढं सरकलं. शेवटी एक नंबर सापडला. जाडजूड साग, त्यावर सुबक १. आजूबाजूला रस्ता नव्हता, वाट नव्हती, फक्त गवत. आणि वीस पावलांवरच्या झाडावर २१४.

ते त्या झाडाखाली मटकन बसले. "तेव्हा मले वाटलं, आता संपलं बाप्पा," असं त्यांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला. नंबरही आपल्याला कळेनासे झाले, असं त्यांना वाटलं होतं. घर विसरलो, वाट विसरलो, आणि आता मोजणीही गेली.

इकडे मी काय करत होते? ओरडत होते. आईवर ओरडले, शेजाऱ्यांवर ओरडले, स्कूटी काढून स्टेशनवर जाऊन आले, रुळाच्या कडेनं त्यांच्या सहा किलोमीटरांत फिरले, पांढुर्ण्यात त्या व्यापाऱ्याच्या दुकानापर्यंत जाऊन आले. प्रत्येक विहिरीत डोकावले. हे लिहायला नको, पण डोकावले. एक वाजता फाटकवाला म्हणाला, "भाऊ तं सकाळीच उत्तरेकडं गेले, एकदम खुशीत होते." खुशीत म्हटल्यावर मला आणखीच राग आला आणि त्या रागातच रडू फुटलं. मी डांबरी रस्ता संपतो तिथल्या वनविभागाच्या नाक्यावर जाऊन उभी राहिले. नाक्यावर कुलूप होतं. आत शिरायची हिंमत झाली नाही. दोन तास मी त्या पायवाटेकडे बघत हाका मारत होते.

बाबांना सापडलं कोण, तर त्याच नाक्याचा नाकेदार मुकुंद. तो कटाईची झाडं तपासायला वही घेऊन फिरत होता. सायकलची घंटी ऐकून त्याला वाटलं, जंगलात कुल्फीवाला आला की काय. बाबा झाडाखाली बसून घंटी वाजवत होते. त्यानं आधी पाणी पाजलं आणि मग विचारलं, "काका, इथं कसे?"

बाबांनी खरं सांगितलं, नंबराच्या मागे आलो.

मुकुंद इतका हसला की त्याची वही गवतात पडली. "काका, हे काय रेल्वेचे खांब हायेत? आम्ही कापायची झाडं पाहत जातो, अन् दिसलं त्याले नंबर टाकतो. जिकडं झाड तिकडं आमी, गोल फिरून परत तिथंच. मी सोता मागच्या सालात या कूपात, म्हंजे कटाईच्या या तुकड्यात, दोन घंटे भटकलो. नवा साहेब तं रडाले आला होता."

"तुमी भटकले?" बाबांनी विचारलं.

"इथं भलेभले भटकतात."

साडेतीनला ते दोघं पायवाटेनं उतरताना दिसले. पुढे मुकुंद, मागे सायकल धरून बाबा, शर्टाची बाही फाटलेली, गालावर ओरखडा. आणि चेहरा असा की जणू शाळकरी मुलगा पास होऊन आलाय. मी पाठ केलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं.

"धनू, आज मी चुकलो," बाबा लांबूनच ओरडले. "विसरलो नाई, चुकलो! याले विचार. हाही चुकते. साहेबही चुकते."

मी त्यांच्या हाताचं रक्त पुसलं आणि मुकुंदला जोडता येतील तितक्या वेळा हात जोडले. बाबा त्याला गिअर कसे टाकतात ते दाखवत होते. किती महिन्यांनी त्यांना असं भरभरून बोलताना ऐकत होते मी. मला वाटलं, उगाच घाबरले मी. सोमवारची वेळ रद्द करून टाकावी. खरंच वाटलं.

सायकल स्कूटीला काही बांधता येईना. बाबा म्हणाले, मी चालवतो, तू पुढं जा. मी म्हटलं, नाही, तुम्ही पुढं, मी मागून. आज तुमचा मान. ते आनंदानं निघाले. कापसाच्या शेतांमधून त्यांची पाठ माझ्यापुढे सरळ चालली होती. फाटक ओलांडलं. फाटकवाल्यानं हात केला, बाबांनी घंटी वाजवली.

मग गावाच्या तोंडाशी रस्ता फुटतो तिथं ते थांबले. डावीकडे स्टेशन, उजवीकडे आमचं घर. एकतीस वर्षं याच ठिकाणाहून ते ड्युटीवर गेले आणि घरी आले. त्यांनी एक पाय खाली टेकला, चेन बघितली, ब्रेक दाबून पाहिला. चेनला काहीही झालं नव्हतं. मी शेजारी येऊन थांबले.

"काय झालं बाबा?"

"काही नाई. तू हो पुढं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. दोन्ही रस्त्यांकडे आळीपाळीनं बघत होते, अगदी हळू, मला कळू नये एवढं हळू.

"म्हणूनच तिकडं गेलो होतो पोरी," ते हँडलकडे बघत म्हणाले. "तिकडं चुकलो तं लोकायनं पानी पाजलं. इथं चुकलो तं तू नागपूरले नेशील."

मी स्कूटी उजवीकडे वळवली आणि आरशात त्यांना बघत, त्यांच्या पायडलच्या वेगानं, घरापर्यंत पुढं जात राहिले.