हरबंस अंकलचा ट्रान्झिस्टर

आम्ही एका चित्रकाराच्या भेटवस्तूसाठी बॉम्ब स्क्वॉड बोलावलं होतं.

चंदीगड, ऐंशीचं दशक. बाबा एअरफोर्समध्ये, तिथे पोस्टिंगवर.
बसमध्ये, बाजारात, टीव्हीवर एकच सूचना: लावारिस वस्तूंना हात लावू नका. ट्रान्झिस्टरला तर नाहीच नाही, अतिरेकी त्यातच बॉम्ब लपवायचे.

खालच्या मजल्यावर हरबंस अंकल एकटेच राहायचे. पडदे कायम लावलेले, कुणाशी बोलणं नाही.
दुपारी आई रेडिओबरोबर गायला लागली की हे हमखास आमच्या जिन्यात येऊन उभे.

"हा माणूस एवढं ऐकतो काय?" बाबा म्हणायचे.

मला कामच मिळालं. दाराच्या फटीतून नजर ठेवायची. वय दहा, पण स्वभाव तेव्हापासूनच पोलिसी.
अंकलच्या हाताला कायम काहीतरी लागलेलं असायचं. ते रंग असतील, हे मला सुचलंच नाही.

मग आमचा रेडिओ बिघडला. आईचं गाणं बंद.
चौथ्या दिवशी दारात, फडक्यात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर.
मीच पाहिला. मीच किंचाळले.

पोलिसांनी आजूबाजूची घरं रिकामी केली. ट्रान्झिस्टरला दोरी बांधून लांबून ओढलं. तो जिन्यावर आपटत खाली आला आणि फुटला. आत बॅटऱ्या, बस.

अंकल पुढे आले. "मेरा है जी. बहनजी का रेडियो बंद था, तो रख दिया. घंटी बजाता तो आप लोग घबरा जाते."

तरी त्यांची खोली उलटीपालटी केलीच. मधोमध मोठा कॅनव्हास. त्यांचं कुटुंब!
चेहरे नव्हते, नुसते रंग. ज्याचा जसा आवाज, तसा त्याचा रंग. वडील तांबडे. हॉस्टेलला असलेली मुलगी निळी. वारलेल्या बायकोची पिवळी जागा अर्धी कोरी.

"बहनजी गाती हैं तो उसका पीला याद आता है," ते इन्स्पेक्टरला सांगत होते.
इन्स्पेक्टरने कॅनव्हास मागूनही तपासला.

आईने माफी मागितली, पुरणपोळ्या नेऊन दिल्या. पण बाबांनी तिला मोठ्याने गाऊ दिलं नाही. पुढे बदली झाली.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून मेसेज आला.
"मैं हरबंस जी की बेटी. पापाजी ने पुरानी पेंटिंग फिर निकाली है. आंटीजी का गाना रिकॉर्ड करके भेजेंगे?"

माझा नंबर हिला कुठून मिळाला? नाव काय, कुणीही शोधून काढतं. हल्ली आवाज वापरून काय काय फ्रॉड होतात!
मी सरळ ब्लॉक केलं. आईला सांगितलंसुद्धा नाही.

आज जुन्या शेजाऱ्यांकडून कळलं, अंकल गेले.

नंबर अनब्लॉक करून फोन लावला. ब्लॉक केल्याचं सांगून माफी मागितली. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यांची मुलगी म्हणाली, "कोई बात नहीं जी. पापाजी बोले थे, डर गए होंगे. दोबारा मत पूछना."

अंकल, मी दोनदा चुकले.
माझा शेवटचा नमस्कार घ्या.