मार्क गेला, असं मी सांगायला लावलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अक्कालाही नाही — आणि आमची अक्का म्हणजे माझ्या पोटातलं ओठांवर यायच्या आधीच ओळखणारी बाई. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. परक्यासमोर तोंड उघडणं सोपं जातं का? म्हणतात तसं. मला तरी जात नाहीये.

आधी काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इंदिरानगरातल्या एका ऑफिसात बसून मी ऑस्ट्रेलियातल्या एका वर्तमानपत्राचं ‘आपलं गाव’ छापाचं पान लावायचो. सोन्याच्या खाणींवर उभं राहिलेलं शहर. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथं आहेत. तिथलं ऑफिस बंद करून काम आमच्याकडे आणलेलं. पण वाचकांना याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता. फोन नंबर तिथलाच, वाजायचा मात्र बंगळुरात, माझ्या टेबलावर. प्रत्येकाला तिकडचं एक नाव. माझं मार्क. आपण कुठे बसतो हे सांगायचं नाही — कंपनीचा नियम एवढाच होता. त्यापुढचं सगळं माझं स्वतःचं.

पानावर काय असायचं? चर्चमधली केकची विक्री, बॅंडचा सराव, कुणाच्या परसात केवढा भोपळा आला, कोण गेलं, कोण जन्मलं. आणि मंगळवारी डोरोथीचा फोन. ऐंशीच्या घरातली विधवा. लॉन बोल्सचे, म्हणजे हिरवळीवर जड गोळे घरंगळवायच्या त्यांच्या खेळाचे, निकाल सांगायला फोन करायची, आणि निकाल संपले की गावाच्या जुन्या गोष्टी काढायची. तिचा नवरा लेन आयुष्यभर एकाच कामामागे होता. तिथली एक खाण कोसळून मेलेल्यांची नावं शोधायची. इंग्लंडहून पोटासाठी आलेले कामगार, आणि ज्यांची नावं कुणी धड विचारलीही नव्हती ते चिनी. लेन गेल्यावर ती एकेका माणसाची हकिकत मला फोनवर सांगायची, मी पानाच्या कोपऱ्यात लावायचो. मनातल्या मनात मी तिला डोरोथीअक्का म्हणायला लागलो होतो.

एकदा तिने सहज विचारलं, तू इथलाच ना रे?

आता बघा — आमचं घराणं बंगळुरात, बसवनगुडीत येऊन पिढ्या लोटल्या. तरी ऑटोवाला दोन वाक्यं ऐकून विचारतो, तुमचं ऊर, म्हणजे गाव, कोणतं? पुण्याला गेलो तर तिथले नातेवाईक हसतात, म्हणतात, अरे हा तर कानडीच! जन्मभर ना इकडचा ना तिकडचा. आणि हजारो मैलांवरची एक म्हातारी मला विचारते, तू इथलाच ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, वाटलंच मला, आपल्यातलाच वाटतोस.

इतकं बरं वाटलं हो मला! लाज वाटते सांगायला, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. मग मी त्या हरभऱ्याच्या झाडावरून खाली उतरलोच नाही. कॉम्प्युटरवर गावाचे रस्ते पाठ केले. जुन्या ट्रामच्या शेडमागच्या गल्लीत घर घेतलं — घेतलं म्हणजे सांगितलं. कोपऱ्यावरच्या बेकरीला नावं ठेवली. उन्हाळ्यातल्या उत्तरेच्या वाऱ्याला शिव्या घातल्या. ती हसायची. तिचं हसू ऐकायला मी मंगळवारची वाट बघायचो, हे खोटं नाही.

आणि मग खाणीच्या तोंडाशी त्या मेलेल्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. डोरोथी म्हणाली, पडदा मार्कने ओढायचा. लेनचं काम गावापुढे आणलं ते मार्कने, तेव्हा दोन शब्दही त्यानेच बोलायचे.

मी काय म्हटलं असेन? म्हटलं, येतो की! आपल्यात कसं असतं, मुंजीचं बोलावणं आलं की जायचं नसलं तरी तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. येतो की, म्हणायचं. बोलावणाराही समजून घेतो आणि पान मांडत नाही. तिकडे तसं नसतं. तिथे हो म्हणजे हो. तिने माझी खुर्ची ठेवली, बोलणाऱ्यांत माझं नाव घातलं, सगळ्या क्लबला सांगून झालं.

दिवस जवळ आला तशी माझी पाचावर धारण बसली. आजारी आहे म्हणावं? तर ती सूपाचं भांडं घेऊन त्या गल्लीत जाऊन उभी राहिली असती. बदली झाली म्हणावं? तर नवा नंबर मागितला असता. खरं सांगावं — हा एक रस्ता होता. तो मला दिसत होता. दिसत नव्हता असं म्हणणार नाही. पण मग मी तिच्यातला राहिलो नसतो.

शेजारच्या टेबलावर नागरत्ना बसायची. कामात चोख, माझ्या हाताखालची. तिला म्हटलं, मंगळवारचा फोन तू घे आणि सांग, मार्क गेला. झोपेतच गेला. नातेवाईक येऊन लांब घेऊन गेले. “बेडा, अण्णा,” म्हणाली. नको. म्हातारं माणूस आहे. बहिणीच्या लग्नासाठी तिने रजा मागितली होती आणि ती मंजूर करणं माझ्या हातात होतं. मी त्या रजेचा विषय काढला. नुसता विषय काढला. तिला कळलं. “सरी,” म्हणाली, म्हणजे बरं, आणि फोन घेतला. बोलून झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडून आली. मी? मी सुटलो म्हणून चहा प्यायलो.

दगडाचा कार्यक्रम झाला. बातमी माझ्याकडेच आली, फोटोसकट. खाणीतल्या माणसांच्या आधी मार्कसाठी सगळे टोप्या काढून गप्प उभे राहिले होते. ते पान मी लावलं. फोटो स्वल्प अंधारलेला होता, तो उजळ केला.

इथेच संपलं असतं तरी माझं पाप कमी नव्हतं. पण कधीतरी बोलण्याच्या भरात मी तिला सांगून ठेवलं होतं की माझ्याकडे एक म्हातारं कुत्रं आहे. पुढच्या फोनवर तिने नागरत्नाला तेच विचारलं. त्या बिचाऱ्या जनावराला आता कोण बघतंय? कुणी नसेल तर मी नेते. नागरत्नाला काय माहीत! ती म्हणाली, ठाऊक नाही. मग डोरोथी, त्या वयाची बाई, काठी टेकत, उन्हातून ट्रामच्या शेडमागच्या गल्लीत गेली आणि दारोदार विचारत फिरली. कुणालाच कुत्रं माहीत नव्हतं. मार्कही नव्हता. पुढच्या मंगळवारी तिने हे नागरत्नाला शांतपणे सांगितलं, बोल्सचे निकाल दिले आणि फोन ठेवला.

नागरत्ना बहिणीच्या लग्नाला गेली, तेव्हाची ही गोष्ट. मंगळवार होता. फोन वाजला आणि मी सवयीने उचलून हॅलो म्हटलं.

पलीकडे डोरोथी होती. म्हणाली, “मार्क?”

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

“मी रागावलेली नाही. तू जिवंत आहेस ना, एवढंच सांग. बाकी काही विचारत नाही.”

एक अक्षर होतं. ज्या तोंडाला बारा महिने हो म्हणायची सवय, त्यातून ते निघालं नाही. माझा श्वास तिला ऐकू येत असणार. ती थांबून राहिली होती. मी फोन ठेवून दिला.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. बोल्सचे निकाल दुसरंच कुणी देऊ लागलं. मी ते काम आणखी पुष्कळ दिवस केलं. डोरोथी आज आहे की गेली, मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.