कंपाउंडरचा अंदाज

औषधांच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाने अंदाजाने काही करू नये, असं कंपाउंडरचं ठाम मत होतं, आणि त्याला कारणही होतं. उमेदवारीच्या काळात डॉक्टरांचं एक गिचमिड अक्षर त्याने अंदाजाने वाचलं आणि भलतंच औषध घेऊन एक म्हातारी घरात चक्कर येऊन पडली. ती वाचली. पण हा त्या दिवसापासून ताकही फुंकून प्यायला लागला. चिठ्ठीतला एक शब्द लागला नाही, तर भर गर्दीत गल्ला सोडून डॉक्टरांना विचारायला जाई. गिऱ्हाइकं वैतागत, मालक कपाळाला हात लावी, पण पुन्हा कधी कुणाला चुकीची बाटली गेली नाही.

बायको बालवाडी चालवायची आणि तिचा सगळा कारभारच अंदाजाचा. बोबडं पोर काहीतरी पुटपुटलं की त्याला पाणी हवंय, आई हवीये की नुसतं रडायचंय, हे तिला तोंडाकडे बघून कळे. "शितावरून भाताची परीक्षा करावी हो," ती म्हणायची. "तुम्ही एकेक शीत चाखत बसता आणि भात गार होऊन जातो."

लेक परदेशात स्थायिक झाली, तिला मुलगी झाली आणि या दोघांना तिकडे कायमचं बोलावणं आलं. अट एकच होती. तिथल्या भाषेतलं वाचून समजतं, अशी परीक्षा पास व्हायची. दोघं संध्याकाळच्या शिकवणीला जाऊ लागली. शब्द त्याचे जास्त पाठ, व्याकरण तर इतकं पक्कं की बाकीचे त्याच्या वहीतून उतरवून घेत. पण परीक्षेत उतारा समोर आला की पहिल्याच अनोळखी शब्दापाशी याचं घोडं अडायचं. तो शब्द मागे टाकून पुढे जाणं त्याला पाप वाटे. घंटा व्हायची तेव्हा स्वारी पहिल्याच पानावर. बायकोला निम्मे शब्द येत नव्हते. ती उतारा वरपासून खालपर्यंत वाचायची, परत एकदा वाचायची, कुणीतरी कुणाला फसवलंय किंवा कुणाची तरी गाडी चुकलीये एवढं ताडायची आणि उत्तरं लिहून मोकळी व्हायची. ती पहिल्याच फटक्यात पास झाली.

"काका, तुम्ही भाषेत कच्चे नाही," शिकवणीच्या बाई त्याला म्हणाल्या. "माणूस जसा वागतो तसाच वाचतो. तुम्हाला न कळलेलं सोडवत नाही, एवढंच."

"मग यावर औषध काय?"

"थोडी बेफिकिरी," बाई हसून म्हणाल्या. ते औषध त्याच्या दुकानात मिळत नव्हतं.

तो पुन्हा नापास झाला, मग आणखी एकदा. लेक फोनवर म्हणाली, "आई, तू तरी पुढे ये ना." बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला काय घाई आहे? जोडीनेच येऊ." कंपाउंडरने ते जसंच्या तसं घेतलं, हिला घाई नाही. खरं म्हणजे ती त्याच्या डोळ्यांदेखत नातीसाठी फ्रॉक शिवत होती. निकाल लागेपर्यंत नातीला लहान झालेला फ्रॉक बालवाडीतल्या कुणा पोरीच्या अंगावर जाई आणि मशीनवर त्याहून मोठं कापड चढे. एखाद्या बाईने याहून स्पष्ट ते काय सांगायचं? पण तोंडाने ती बोलली नव्हती, आणि न बोललेलं वाचायची याला सवय नव्हती. एकटं राहायची आपल्याला भीती वाटते, हे त्यानेही कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिला ते वाचता येत होतं, म्हणून ती थांबली.

शेवटचा फ्रॉक तिने जरा जास्तच मोठा बेतला. "एवढा ढगळ कशाला?" त्याने विचारलं.

"तुम्ही पास होऊन आपण पोचेपर्यंत होईल बरोबर," ती म्हणाली, आणि दोघं हसली.

फ्रॉकला शेवटचं बटण लावून झालं त्या दुपारी ती मशीनवरून उठली आणि म्हणाली, "छातीत जरा जळजळतंय हो." त्याने जळजळीची गोळी दिली. तिच्या कपाळावर घाम होता, तो त्याला दिसला. ती डावा खांदा चोळत होती, तेही दिसलं. दुखणं हृदयाचं असलं की काय काय होतं, हे त्याला पाठ होतं. तिच्यासारखं वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं असतं, तर त्याने तिला उचलून दवाखाना गाठला असता. तो जळजळीपाशीच थांबला. दिवेलागणीच्या आत ती गेली.

लेकीने त्याला दोष दिला नाही. तिने द्यावा असं त्याला फार वाटत होतं.

पुढच्या परीक्षेला तो बसला तो केवळ लेकीने हट्ट धरला म्हणून. उताऱ्यात पहिल्याच ओळीत अनोळखी शब्द होता. तो त्याने सोडला. मग आणखी सोडले. शब्दांचं त्याला आता काहीच वाटत नव्हतं. कुणीतरी स्टेशनावर कुणाची तरी वाट बघतंय आणि ते माणूस येणार नाहीये, एवढं त्याला कळलं आणि त्याने उत्तरं लिहून टाकली. तो चांगल्या गुणांनी पास झाला. बाईंनी पेढ्यासाठी हात पुढे केला, तेव्हा त्याला तिथे उभं राहवेना.

कागदपत्रं व्हायला बराच काळ गेला. लेकीच्या घरी पोचल्यावर त्याने पहिल्यांदा पिशवीतून फ्रॉक काढला. नातीने तो लगेच घातला. खांद्याला बरोबर, लांबीला बरोबर, कुठे दुमडायला नको की उसवायला नको.

"फोनवर बघून आईने इतकं अचूक माप कसं घेतलं हो बाबा?" लेकीने विचारलं. तिने माप पोरीचं घेतलं नव्हतं, नवऱ्याचं घेतलं होतं, हे त्याला कळत होतं. याला अजून किती लागेल, हे तिने बरोबर ओळखलं होतं. चुकली ती फक्त स्वतःच्या बाबतीत.

नात गोल गिरकी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या भाषेत भराभरा बोलली. आजीने मला फ्रॉक दिला, मग आजी का नाही आली, तिला यायचं नव्हतं का? त्याला सगळं कळलं. एकही शब्द अडला नाही.

"पुन्हा सांग बाळा," तो तिच्याच भाषेत हळूच म्हणाला, "मला कळलं नाही."