टिपणीसकाकांचा तट

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात दिवाळीतल्या किल्ल्यांची स्पर्धा म्हणजे टिपणीसकाकांची मक्तेदारी. बालेकिल्ल्याभोवतीचा त्यांचा वळणदार मातीचा तट आणि त्यात दडवलेला दरवाजा, ही युक्ती एकट्या काकूंना ठाऊक. यंदा काका समोरच्या देवधरांच्या गराजमध्ये सहज, म्हणजे मुद्दामच, डोकावले. तिथे हुबेहूब तोच तट, आणि कोपरापर्यंत चिखलात काकू.

"सुमती, सख्खी बायको असून फितूर झालीस?"

"अहो, इतकी वर्षं माती मीच चाळली, मीच भिजवली. एक बुरूज तरी थापू दिलात? या देवधरांनी पहिल्याच दिवशी अख्खा तट माझ्यावर सोपवला."

घरी येऊन काकांनी तणतणत माती कालवली, पण न चाळलेल्या त्या खडबडीत मातीचा तट दरवाजापाशीच पुन्हा पुन्हा ढासळत राहिला.