पाटीलचा पटेल

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? – कळत नाही. पण आता गिळवत नाही. स्वतःचीच किळस येते, आणि ती वयाबरोबर कमी होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

आम्ही सुरतच्या लिंबायतचे. मूळ खानदेशातले, आडनाव पाटील, वडील पॉवरलूमवर, घरात अहिराणी. नव्वदनंतरची गोष्ट. कापडाचं शिकायला मी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेलो – गल्लीतला पहिलाच. तिथे ज्या घरात खोली मिळाली, त्यातली दोन मुलं सुरतचीच, गुजराती. स्वयंपाकघरात माझ्या कपाटावर इंग्रजीत 'पाटील' अशी चिठ्ठी होती. त्यांना वाटलं, घरमालकिणीने स्पेलिंग चुकवलं. एकाने पेन काढून एक अक्षर दुरुस्त केलं – झालो पटेल. मी काय केलं? हसलो. सुरतेत कुठे राहतोस विचारलं, तर अडाजण म्हणालो – सुखवस्तू गुजरात्यांचा भाग. गुजराती शाळेपासून येतच होती. मग त्यांच्याबरोबर जेवलो, गरब्याला गेलो, आणि लूमवरच्या बापाला मी कापडाचा दलाल करून टाकलं. मला ते आवडत होतं. हेही लिहून ठेवतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नाइलाजाने केलं.

उन्हाळ्यात घरी आलो, तेव्हा आईने निरोप दिला. समोरच्या घरातल्या गोकुळलाही माझ्याच शहरात प्रवेश मिळाला होता, फीसुद्धा माफ. पण त्याचा बाप अडून बसला होता – तिकडे उतरवून घ्यायला दादा, म्हणजे मी, असेल, तरच पोराला पाठवतो. होकार त्याच आठवड्यात कळवायचा होता. म्हणजे माझ्या एका शब्दाचं काम. मी आईला म्हटलं, बघू. आणि मित्रांकडे पडीक राहिलो. गोकुळ तिकडे आला, की माझा पटेल उघडा पडणार – हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं.

त्याच दिवसांत इंग्लंडातल्या त्या दोघा गुजराती मुलांपैकी एकाच्या काकांनी परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी कार्यक्रम ठेवला. हॉलमध्ये चाळीसेक मुलं, त्यांचे आईबाप. फळ्यावर माझं नाव, अर्थात पटेल. मी बोललोही झकास. पासपोर्टच्या दोन झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवा. लोणचं दोन पिशव्यांत बांधा. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरकडे नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका. भाड्याचा कागद पुरता वाचल्याशिवाय सही नको. अभ्यासात मागे पडलात तर सरळ प्राध्यापकांना सांगा, लपवलंत की बुडालात. आणि फॉर्मवर एक अक्षरही खोटं लिहू नका – हे मी म्हणालो. माझ्या तोंडाने म्हणालो. आयांनी वहीत उतरवून घेतलं.

शेवटी कोणाला काही विचारायचंय का, म्हटलं. मागून गोकुळ उठला. कॉलेजात ऐकून आला असणार. फळ्यावरचं नाव बघून त्यालाही वाटलं असेल, लिहिणाऱ्याने चूक केली. चेहरा नुसता फुललेला. उतरल्यावर मी घ्यायला येईन ना, एवढंच विचारायचं होतं; पण गडबडीत त्याच्या तोंडून घरचीच भाषा आली –

"दादा, मी तठे उतरनू का तू माले लेवाले येशी ना?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी – काय सांगू – मी काही न कळल्यासारख्या भुवया वर केल्या. गुजरातीत शेजाऱ्याला विचारलं, "आ भाई शुं बोले छे? मने नथी समजातुं."

थोडे लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते, त्यांना खरंच गंमत वाटली. गोकुळ क्षणभर तसाच उभा राहिला. त्याला वाटलं असेल, मला ऐकू गेलं नाही. मग त्याने फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसला. पुन्हा हिंदीत विचारता आलं असतं त्याला. त्याने विचारलं नाही. मी पुढच्या मुलाला बँकेत खातं कसं उघडायचं ते सांगितलं, सविस्तर.

निघायला अजून आठ दिवस होते. आमच्या दारातून त्यांचं दार – गल्ली ओलांडायची फक्त. गेलो का? नाही. तो बाहेर दिसला की मी आत. असल्या माणसाला आई ताटात गरम भाकरी वाढत होती. होकाराची तारीख गेली. गोकुळने आपणहून नाही म्हणून कळवलं, असं कानावर आलं. नंतर तो सुरतेबाहेर चलथाणच्या बाजूला नोकरीला लागला.

मी निघालो त्या दिवशी त्याची आई नारळ घेऊन आली. मला कुंकू लावलं. मग माझा हात हातात धरून म्हणाली, "गोकुळ म्हने, दादानी माले समदं खरं सांगं, तठे आपलं काम नई. खरं से ना, दादा?"

म्हणजे त्याने घरात माझं नाव राखलं होतं. हॉलमधलं अवाक्षर काढलं नव्हतं. तिथे तरी बोलायला हवं होतं ना मी? माझी आई शेजारीच उभी होती. सगळी गल्ली जमली होती.

"हां मावशी," मी म्हणालो, "खरं से." अहिराणीत म्हणालो, अगदी स्वच्छ.

तिचं समाधान झालं. मी रिक्षात बसलो.