बंड्याच्या बोर्डाचा बायोस

कॉम्प्युटर रिपेरिंगच्या दुकानात दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत, जुन्या वायरी आणि किस्से. दोन्ही एकमेकांत अशा अडकतात की एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात! महाडच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे. माझा नवरा शेखर बोर्ड दुरुस्त करतो आणि मी बाकीचं सगळं बघते. म्हणजे गिऱ्हाईक, सामान, आणि अर्थात शेखर. परवा कुणीतरी विचारलं, "वहिनी, सगळ्यात डोकं खाल्लेली केस कुठली?" मला आठवायलाही लागलं नाही. बंड्याचा बोर्ड!

* * *

बंड्या म्हणजे पोलादपूरचा रेडियमवाला. गाड्यांवर नावं, नंबर, देव, "आईचा आशीर्वाद" वगैरे कापून चिकटवतो. त्याचे वडील तात्या पूर्वी ब्रशने टेम्पो-ट्रक रंगवायचे. रेडियम आलं तेव्हा बाप-लेकांनी मिळून तात्यांची अक्षरं एकेक करून कॉम्प्युटरमध्ये काढून ठेवली. घाटात पुढच्या गाडीवर "श्री काळभैरव प्रसन्न" दिसलं की लोक सांगतात, हे तात्यांचं अक्षर.

दोन वर्षांपूर्वी तात्यांना लकव्याचा झटका आला आणि उजवा हात गेला. आता ते अक्षर फक्त कॉम्प्युटरच्या त्या डब्यात होतं. अक्षरं उघडतात एकाच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, ते चालतं त्याच मशीनवर, आणि कापणारा प्लॉटर ऐकतो त्याच्याच मागच्या रुंद पोर्टचं. अशात गणपती तोंडावर आले आणि हार्डडिस्क कुरकुरायला लागली.

शेखरने सगळं नव्या डिस्कवर उतरवलं, जोडलं, आणि मशीन पहिल्याच स्क्रीनवर थिजलं. बोर्डाचा बायोस जुना, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम. त्याला एवढी मोठी डिस्क कळेचना! पाहुणा दारात, आणि म्हातारी विचारतेय, कोण तुम्ही?

"लहान डिस्क नाय तुमच्याकडे?" बंड्याने विचारलं.

"होत्या," मी म्हटलं. "पुराच्या वर्षी सगळ्या सावित्रीचं पाणी प्यायल्या."

नवा कॉम्प्युटर घे, नेटवरून छान फाँट देतो, असं शेखर म्हणाला. बंड्याने त्याच्याकडे असं बघितलं की मीच विषय बदलला. मग शेखर म्हणाला, "बरं, बायोसचा अपडेट शोधतो. कुठंतरी असेलच." त्या क्षणी माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत जी चमक आली ना, तशी लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरसुद्धा आली नव्हती!

* * *

अपडेट शोधायचा तर आधी बोर्डाचा मॉडेल नंबर पाहिजे. तो बोर्डावरच्या कागदी लेबलवर असतो. शेखरने डबा उघडला, टॉर्च मारली, आणि नंबरच्या जागी काय? झळझळीत सोनेरी रेडियममध्ये "शुभ लाभ"!

"बंड्या, हे काय?"

"दसऱ्याची पूजा."

"मदरबोर्डावर?"

"तूच मागल्या टायमाला वरडलास ना दादा, हळदकुंकू टाकलं की पंखा जाम होतो म्हणून? मग म्हटलं कुंकू नको, रेडियम लावू."

म्हणजे चूक परत शेखरचीच! शुभ लाभ हळूच उचकटलं तर लेबलची वरची साल त्याच्याबरोबर निघून आली. नंबर आता स्टिकरच्या पोटाशी, आणि तोही उलटा. शेखर माझ्या पर्समधला आरसा शोधायला लागला. तोवर बंड्याने नंबर घडाघडा वाचून दाखवलासुद्धा.

"काचेला आतून लावायचं रेडियम आम्ही उलटंच कापताव," तो म्हणाला. "सुलटं वाचायचं असेल तर तू वाच."

* * *

नंबर मिळाला म्हणून शेखर कंपनीच्या साईटवर गेला. त्या मॉडेलचं पानच नव्हतं. कोपऱ्यातल्या चॅटवर विचारलं तर गोड उत्तर आलं, "या उत्पादनाचा सपोर्ट बंद झाला आहे. कृपया आमचे नवीन बोर्ड पाहा." शेखरने तेच तीनचार प्रकारे विचारून बघितलं. उत्तर तेच, गोडवा तोच.

बंड्या मागे उभा राहून वाचत होता. एरवी बडबड्या माणूस, पण आवाज एकदम बारीक झाला.

"वहिनी, माणूस म्हातारा झाला तर दवाखान्यात असं सांगतात काय, सपोर्ट बंद झाला, नवीन माणूस बघा?"

मी चहा मागवला.

* * *

शेवटी शेखर परदेशातल्या एका फोरमवर गेला. तिथे जुन्या बोर्डांवर जीव टाकणारी मंडळी एकमेकांना मरणाचे प्रश्न विचारत बसलेली असतात. आमच्या शेखरला तर माहेरी आल्यासारखं झालं! त्याने पोस्ट टाकली. पोस्ट कसली, तात्यांचं चरित्रच. वर टेम्पोच्या पाठीचा फोटो.

पोर्तुगालच्या एका आजोबांचं उत्तर आलं. ते म्हणे आयुष्यभर असल्या फाईली साठवत आलेत. पण आधी उलटतपासणी! बोर्डाची आवृत्ती कुठली? चिपवर काय लिहिलंय? चुकीची फाईल घातली तर बोर्ड कायमचा जाईल, माहीत आहे ना? शेखर भिंग लावून एकेक उत्तर पाठवत होता, आणि बंड्या प्रत्येक वेळी "काय म्हणतोय म्हातारा?" करत होता.

अखेर फाईल आली. खाली एक ओळ होती, 'फोटोतल्या टेम्पोवर आहे तसं स्टिकर माझ्या गाडीला मिळेल का?'

बंड्या खूश. "देऊ की! पण त्याला सांग, लावायच्या आधी गाडी देवळासमोर उभी करायला लागते."

शेखरने तेही प्रामाणिकपणे इंग्रजीत लिहून पाठवलं. आजोबांनी विचारलं, चर्च चालेल का?

* * *

फाईल आली, पण त्या बोर्डाला अपडेट भरवायचा फक्त फ्लॉपीने. महाडात आता फ्लॉपी कुणाकडे? कोर्टाबाहेर टायपिंग करणाऱ्या साळवी काकू आठवल्या. गेले.

"फ्लॉपी? हाय की एक," काकू म्हणाल्या.

"द्या ना!"

"देऊ कशी? टेबलाखाली हाय."

खरंच होती. टेबलाच्या तोकड्या पायाखाली, वर्षानुवर्षं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. मी पुठ्ठा देऊ केला. काकूंनी पुठ्ठा लावून टेबल हलवून बघितलं, परत हलवलं, आणि मग नाइलाजाने फ्लॉपी माझ्या हातात ठेवली.

"चालली नाय तर परत आण हो. इथं तरी ती काम करत होती."

* * *

चालली! आता राहिली लाईट. बायोस भरताना मध्येच लाईट गेली तर बोर्ड संपला. आमचा यूपीएस लाईट गेली की आधी किंचाळतो आणि मग आपणही जातो. म्हणून शेखरने ओळखीच्या वायरमनला फोन लावला.

"उद्या सकाळी लाईट जाणार नाही ना?"

"माझ्याकडनं नाय जाणार."

"नक्की?"

"माझं नक्की हाय. माकडांचं त्यांना विचारा."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी बंड्या प्लॉटर घेऊन आला, आणि बरोबर रिक्षातून तात्यांना. मी म्हटलं, अरे, त्यांना कशाला एवढा त्रास? तर बंड्या हळूच म्हणाला, "बोर्ड गेला तर घरी जाऊन सांगायची माझी हिंमत नाय."

तात्यांना खुर्चीत बसवलं. शेखरने फ्लॉपी घातली. ती अशी करवादली की मला काकूंचं टेबल आठवलं. स्क्रीनवर पट्टी सरकत होती. बंड्या दारात उभा राहून तारांवर माकडं बघत होता. शेखर श्वास घ्यायचा विसरला. मी खोटं कशाला बोलू, काळभैरवाला नारळ बोलले.

स्क्रीन काळा झाला. तसाच राहिला. मग टिक् वाजलं, आणि म्हातारीने पाहुण्याला ओळखलं! डिस्क दिसली, सॉफ्टवेअर उघडलं, प्लॉटरची पाती रेडियमवर सरसर फिरायला लागली. बंड्याने शेखरला उचललंच! "श्री काळभैरव प्रसन्न" कापून बाहेर आलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते, माझेही. त्याने ते नेऊन तात्यांच्या मांडीवर ठेवलं.

तात्यांनी ते डाव्या हाताने उजेडात धरलं. बराच वेळ बघत राहिले. झटक्यानंतर त्यांचं बोलणं जड झालंय, पण हे स्पष्ट आलं.

"ळ चुकलाय."

"काय?"

"पोट मोठं झालंय त्याचं. तवाच झालं हुतं. घाईत काढला."

"मग इतकी वर्सं बोलला का नाय?" बंड्या ओरडलाच. "सगळ्या तालुक्यात फिरतोय तो!"

"तूच म्हणायचास, मशीन जुनी हाय, काय बदलायला जाऊ नका." तात्यांनी शेखरकडे बघितलं. "आता तिला अपडेट आला ना? मग कागद दे."

बंड्याने कागद दिला, मार्कर दिला, आणि कागद हलू नये म्हणून कडेला स्वतःचा हात दाबून धरला. तात्यांनी डाव्या हाताने ळ काढला. एकच. घाम फुटला त्यांना. रेषा थरथरली होती, पोट मात्र अगदी बेताचं.

शेखरने तो स्कॅन करून जुन्याच्या शेजारी ठेवला. बंड्या आता गिऱ्हाईकाला दोन्ही दाखवतो. पहिला आला तो भाजीचा टेम्पोवाला. त्याने दोन्ही ळ बघितले, आणि थरथरत्यावर बोट ठेवलं.

"अरे, तो वाकडा हाय," बंड्या म्हणाला.

"आपल्या घाटात सरळ काय चालतंय? ह्योच दे!"