मागे केलेला हात

इथले किस्से मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतोय. वडाखालची बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा... आम्ही बौद्ध, घरात अंगारे-धुपारे, उतारे यांना कधीच थारा नव्हता. त्यात माझं काम लूम दुरुस्तीचं. मशीन बंद पडली की कारण असतंच, ते सापडेपर्यंत शोधायचं, एवढंच मला कळतं. पण एका गोष्टीचं कारण मला अजून सापडलेलं नाही, म्हणून लिहितोय. हसलात तरी चालेल.

आम्ही भिवंडीचे. आबांनी – म्हणजे माझ्या वडिलांनी – उभं आयुष्य पावरलूमवर काढलं. त्या खडखडाटात कान हळूहळू गेले. मी दहावीला जाईपर्यंत अशी वेळ आली होती की दारात फटाका फुटला तरी ते पेपर वाचत बसायचे. बोलायचे मात्र खणखणीत, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं. आई लवकर गेली. घरात आम्ही दोघं आणि दोघांच्या दोन सायकली.

सुट्टीच्या दिवशी आम्ही वाटेतलं शेलार गाव मागे टाकून दिघाशीला, आमच्या गावी जायचो. आबा पुढे, मी मागे. आता मी मागे आहे की कुठे पंक्चर होऊन बसलोय, हे त्यांना ऐकू कसं येणार? आणि मान वळवून बघायला गेलं की सायकल खड्ड्यात. मग त्यांनीच रीत काढली. कारखान्यात सगळं बोलणं हातानेच चालायचं, तसंच हेही. मध्येच ते डावा हात मागे करायचे, तळवा वर. मी जोर मारून जवळ जायचं आणि त्यावर टाळी द्यायची. टाळी म्हणजे ‘आहे’. टाळी नाही बसली तर ते थांबायचे.

९६ साली आमच्या शेठने स्पेनमधून वापरलेल्या मशीन आणायचं ठरवलं, आणि त्या शिकायला मला तिकडे पाठवलं. आबांना एकटं टाकून जायचं जिवावर आलं होतं. तेच ओरडले, "जा तू. मला काय होनार हाय? मी काय लहान पोर हाय?"

तिथे गेल्यावर कळलं, एकटं कोण पडलं ते. छोटं गाव, चहूबाजूंनी टेकड्या. मराठी सोडा, हिंदी बोलायलाही माणूस नाही. आबांना फोन करून उपयोग नाही, त्यांना ऐकू येत नाही. पत्र पोचायला पंधरवडा. संध्याकाळी खोलीवर आलो की मी स्वतःशीच मोठ्याने बोलायचो – आबांच्या आवाजात! रडू यायचं, लाज कसली.

तिथल्या फोरमनच्या ते लक्षात आलं असावं. इंग्रजी आम्हा दोघांचंही यथातथाच. त्याने गोडाऊनमधून एक जुनी सायकल काढली आणि म्हणाला, "रूम नो गुड. बायसिकल गुड." गाड्या जात नाहीत असे रस्ते त्याने कागदावर काढून दिले.

त्या रस्त्यांनी मला वाचवलं. चढ, उतार, पुन्हा चढ, आणि दोन्ही बाजूंना द्राक्षं. आपल्या नाशकातल्यासारखे मांडव नाहीत हो – गुडघ्याएवढी ठेंगणी झुडपं, लाल मातीत एकेकटी उभी. तोडणी होऊन गेली होती, पानं तांबडी पडलेली. मध्येच एखादी दगडी विहीर, एखादा कुत्रा, लांबवर चर्चची घंटा. तासन्‌तास माणूस दिसायचं नाही. इतकी शांतता आबांच्याच कानात असेल, असं वाटायचं.

परतायची वेळ जवळ आली तेव्हा तिथल्या कंपनीने विचारलं, दोन वर्षं राहतोस का? काम आवडीचं, पुढे नाव होण्यासारखं. फोरमन म्हणाला, सोमवारी सांग. आणि रविवारी मी सायकल काढली ती ‘हो’ म्हणायचं ठरवूनच. आबाच म्हणाले होते ना, मला काय होनार हाय!

दुपारची वेळ. स्वच्छ ऊन, पण वारा असा की बोटं बधिर. हातमोजे मी घेतलेच नव्हते. एक लांब चढ होता, तो चढताना पुढे एक सायकलवाला दिसला. ऊन समोरून डोळ्यांवर, त्यामुळे नुसती पाठ दिसत होती. तिकडचे लोक सायकलवर वाकून बसतात, हा ताठ बसलेला. मला बरं वाटलं, कोणी तरी आहे म्हणून. अंतर कमी होत गेलं. आणि त्याने डावा हात मागे केला. तळवा वर.

मी विचार केला नाही. देवाशपथ, तेवढा वेळच नव्हता – म्हणजे देव मी मानत नाही, पण समजून घ्या. पायांनी जोर मारला आणि हाताने टाळी दिली. तळवा गरम होता, खरखरीत. हात पुढे गेला आणि ती सायकल वळणाआड गेली. मी लगेच मागोमाग वळलो. पुढे उतार, सरळ, थेट खालच्या गावापर्यंत दिसणारा. दोन्हीकडे ती गुडघ्याएवढी झुडपं, लपायला जागा नाही. रस्ता रिकामा. मी ‘आबा’ म्हणून ओरडलो, आणि मग वाटलं, ओरडून काय उपयोग.

सोमवारी मी ‘नाही’ सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, वडील एकटे आहेत. खोटं नव्हतं ते.

घरी आलो तेव्हा आबा ठणठणीत. जरा वाळले होते, एवढंच. रस्त्याचं मी काही सांगितलं नाही, म्हटलं, उगाच वेड्यात काढतील. पहिल्याच सुट्टीला दोघांनी सायकली काढल्या, चाकात हवा भरत होतो, तेव्हा तेच बोलले.

"तू नव्हतास तवा दिघाशीला गेल्तो. तुज्या आत्याच्या नातीचा साकरपुडा व्हता. येताना शेलारच्या अलीकडं पायातलं बलच गेलं. वाटलं, बास आता. इकून टाकू सायकल."

मी हाताने विचारलं, मग?

"सवयीनं हात मागं केला. मंग माजं मलाच हसू आलं, मागं कोन हाय? आन टाली बसली."

ते पंप सोडून आपल्या तळव्याकडे बघत होते. "वलून बगितलं, तं कोन न्हाय. कान गेलं माजं, हात न्हाय गेला. तुजाच हात व्हता. पर लय गार."

साखरपुडा कधी झाला, ते मी आत्याला विचारून घेतलं. तोच रविवार. तिथे दुपार होती तेव्हा इथे ऊन उतरणीला लागलेलं असणार. एकटेपणात माणसाला भास होतात, हे मला मान्य आहे. मला झाला असेल. पण हजारो मैलांवर, त्याच दिवशी, त्यांनाही? आणि गार हात? मशीन असती तर उघडून बघितली असती.

आबा ९९ साली गेले, घरातच, माझा हात हातात घेऊन. त्याआधी आम्ही पुष्कळ फिरलो.

मी अजून सायकलने दिघाशीला जातो. त्या रस्त्याला आता गोदामं झालीत, कंटेनर अंगावर येतात. तरी शेलार मागे पडलं की मी डावा हात मागे करतो, तळवा वर. थोडा वेळ तसाच ठेवतो. टाळी नाही बसली तर थांबायचं, अशी आमची रीत आहे.

म्हणून थांबतो.